नातीची अमेरिका शोधत साउथहॅम्प्टन ते ग्लासगो

अमेरिका बघायला विमानातच बसावं लागतं असं नाही, हे मला या मे महिन्यात कळलं. साउथहॅम्प्टनच्या सिटी बसमधूनही अमेरिकेला सुरुवात होते बाई. पुढे ग्लासगोची गाडी पकडायची.

त्याचं असं झालं. माझा मुलगा विक्रम साउथहॅम्प्टनला डॉक्टर, सूनबाई प्राचीही डॉक्टर, आणि मी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली सोलापूरची आजी. नात इरा, वय पंधरा. तिला शाळेत अमेरिकेचा इतिहास आहे. लोक तिकडे जाऊन वसले तिथपासून ते गिरण्या निघाल्या आणि मग पोराबाळांसाठी कायदे झाले तिथपर्यंत. तिनं छान वीस पानं लिहून दिली, तर बाईंनी परत केली. म्हणाल्या, हे सगळं नेटवरचं आहे. तू स्वतः शोधलेला एक तरी पुरावा आण, त्यावर वर्गापुढे पाच मिनिटं बोल, मग पुढच्या वर्षी तुला इतिहास हा विषय द्यायचा का ते बघते. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. इतिहासावर फार जीव तिचा.

"अगं, पण अमेरिका तिकडे समुद्रापलीकडे," मी म्हटलं.

"नाही आजी, तो सगळा इथून गेला. शिप इथून, टोबॅको इथे, कॉटन इथे. हाफ-टर्मच्या सुट्टीत जाऊया ना? मम्मी-बाबांना लीव्ह नाही."

विक्रम म्हणाला, "आई, तीन दिवस झेपेल तुला?"

झेपेल म्हणजे काय! मी तिसरी शिकलेली बाई. इतिहास बघायला मला कोण नेणार होतं? मी लगेच दशम्या करायला घेतल्या.

पहिला दिवस गावातच काढला. घरापासून बंदरापर्यंत बस. गावाला जुनी दगडी तटबंदी आहे, फुकट हिंडता येते, पण दगड निसरडे, चपला घालून जाऊ नका. तटाबाहेर एक उंच दगडी खांब आहे. चारशे वर्षांपूर्वी धर्मासाठी घरदार सोडलेली माणसं इथून जहाजात बसली आणि अमेरिकेत जाऊन राहिली, त्यांची ती खूण. त्या दिवशी धुकं असं होतं की खांबाचा वरचा भाग दिसेना. इरा वाचून दाखवत होती आणि मी खांबाला हात लावून उभी होते. तेवढ्यात धुक्यातून जहाजाचा भोंगा झाला. एवढा मोठा की छातीत घुमला. जहाज मात्र कुठंच नाही. पाणीसुद्धा दिसत नव्हतं.

"क्रूझ शिप असेल," इरा म्हणाली.

"असेल. पुढं काय झालं गं त्या लोकांचं?"

"पहिल्या विंटरमध्ये हाफ लोक मेला."

मी हात काढून घेतला. दगड गार होता, पण माझा तळवा ओला झाला होता. धुक्याचं पाणी असणार. तरी मी पदराला पुसला आणि समुद्राकडे बघून मनातल्या मनात नमस्कार केला. परगावी पहिल्या थंडीत गेलेल्यांना कोण पाणी देतं हो?

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी. माझ्यासारख्या आज्यांनी हे लक्षात ठेवा: साठीच्या वरच्यांना इथं सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवला की चालतं, तिकीट तिसऱ्या हिश्शानं उतरतं. लंडनला स्टेशन बदलावं लागतं, एका स्टेशनातून जमिनीखालच्या गाडीनं दुसऱ्या स्टेशनात. तिथं जिने फार, बॅग हलकी ठेवा. मग ग्लासगोपर्यंत साडेचार तास बसून. दशम्या, शेंगाचटणी आणि लसणाचा वास. समोरच्या गोऱ्या बाई सारखं बघत होत्या. शेवटी मी अर्धी दशमी पुढे केली. त्यांनी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत हात पुढे केला!

ग्लासगोला गल्ल्यांची नावं ऐका: व्हर्जिनिया स्ट्रीट, जमैका स्ट्रीट. इरा सांगत होती की तिकडे व्हर्जिनियात आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तंबाखू पिकवायचे, आणि ती विकून इथले व्यापारी गब्बर व्हायचे. मग अमेरिकेनं लढाई करून इंग्रजांना घालवलं. तंबाखूचा धंदा बसला, व्यापाऱ्यांचे वाडे तसेच राहिले. आता त्यांत कॉफीची आणि कपड्यांची दुकानं. एका बोळात शिरलो तर मला कच्च्या तंबाखूचा वास आला. विडीचा नाही हं. ओल्या पानाचा, गोणीतला. आमच्या गल्लीत विड्या वळायच्या बायका, त्यामुळं तो वास मी झोपेत ओळखीन.

"इरा, इथं कुणी तंबाखू ठेवतं का अजून?"

"आजी, इथे फक्त परफ्यूमचा शॉप आहे."

आम्ही दोघी बोळाच्या टोकापर्यंत गेलो. टोकाला भिंत होती. वास भिंतीपाशी सगळ्यात जास्त होता. मग आम्ही जरा भरभर परत आलो.

दुपारी टेकडीवरचं कबरस्तान बघितलं. जायला पैसे नाहीत, चढ मात्र आहे. मेलेल्या सावकारांची घरं जिवंतपणीच्या घरांपेक्षा मोठी! खांब काय, कळस काय. वर पोचलो तर दोन कबरींच्या मधोमध एक हरीण उभं. शहरात, भर दुपारी. आमच्याकडे बघत राहिलं, कान हलले नाहीत की शेपूट नाही. इरानं फोन काढला तेव्हा तिथं गवत होतं नुसतं. खाली वॉचमनला विचारलं तर म्हणाला, राहतात इथे हरणं. बरं वाटलं मला. सगळ्यालाच भूत म्हणायची सवय लागायला नको. पण खरं सांगते, मजा येत होती. लहानपणी ओसरीवर गोष्टी ऐकताना पाय वर ओढून घ्यायचो ना, तशी.

पुरावा मात्र मिळेना. इरा हॉटेलात तोंड पाडून बसली. "आजी, हे सगळं पण नेटवर आहे."

तिसरा दिवस. ग्लासगोहून बसनं तासभर, मग नदीच्या घळीत उतरत जायचं. तिथं एक जुनी सूतगिरणी आहे, तिच्या दोन खोल्यांत छोटं म्युझियम. नाव लिहीत नाही, कारण तिथले म्हातारे गाईड म्हणाले, गर्दी आली तर आमच्याकडे माणूस नाही. टोपी घातलेले हसरे आजोबा, गुडघे माझ्यासारखेच. त्यांनी सगळं समजावलं, इरानं मराठी केलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस जहाजानं इकडे यायचा, इथं सूत व्हायचं. मग इथले कारागीर तिकडे गेले, अमेरिकेनं स्वतःच्या गिरण्या काढल्या. शेतावरच्या पोरी कामाला आल्या, मग त्यांची धाकटी भावंडं. पुढे भल्या लोकांनी आरडाओरडा केला, कायदे झाले, लहान पोरं गिरणीतून सुटली.

आत पाऊल टाकलं आणि मला तेलाचा, सुताचा, ओल्या लाकडाचा वास आला. यंत्रं बंद होती. बंद मागांची शांतता तुम्ही ऐकली आहे का? कान आवाजाची वाट बघत राहतात.

शेवटच्या खोलीत भिंतीवर एक जुनी फिल्म चालू होती. मुकी, काळी-पांढरी, मिनिटभराची, संपली की पुन्हा पहिल्यापासून. इथून अमेरिकेला गेलेल्या कुणाच्या तरी घरातून ती परत आली होती. तिकडच्या गिरणीतल्या बायका मागापाशी उभ्या. त्यातली एक हात हलवते.

आजोबा हसून म्हणाले, "ही आम्हाला हॅलो करते. मुलं तिला उलट हॅलो करतात."

ती हॅलो करत नव्हती.

तिनं बोटं कपाळाला लावली, टोपीच्या काठाला लावतात तशी. मग डोळ्याखालची कातडी बोटानं खाली ओढली. मग तळवा जमिनीकडे करून दोनदा दाबला. आणि माझे हात, मी सांगितलेलं नसताना, वर आले आणि दोन्ही मुठी एकमेकींवर बसल्या. म्हणजे, झालं, झाकलं.

"आजी? तू काय करतेस?"

"टोपीवाला साहेब बघायला येतोय म्हणतेय. पोरीला खाली दडव म्हणतेय."

इरा बघतच राहिली. "आजी, ती अमेरिकन आहे! तिला सोलापूरचा साइन कसा येईल?"

"मागाच्या आवाजात तोंडाचं ऐकू येतं का लेकरा? सगळीकडे हातानंच बोलणार. आणि हाताला दुसरं काय सुचणार, तूच सांग."

इरानं आजोबांना सांगितलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी फिल्म पुन्हा लावली. या वेळी आम्ही बाईकडे नाही, तिच्या तळव्याखालच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं एक मोठी वेताची टोपली, झाकण उघडं. मधेच दुसरी एक बाई आडवी जाते. ती बाजूला होते तेव्हा झाकण बंद. आणि फिल्म संपता संपता, अगदी शेवटी, ते झाकण बोटभर वर उचललं जातं. आतून. फटीत काळोख. मग पुन्हा पहिल्यापासून.

आजोबा खुर्चीवर बसले. "अकरा वर्षं मी ही दाखवतोय," एवढंच म्हणाले.

आम्ही ती सहा वेळा बघितली. सहाही वेळा झाकण उचललं गेलं. मला दर वेळी वाटायचं, या खेपेला ती बाहेर येईल.

बाहेर नदीकाठी बाकावर बसलो. पाणी एवढं जोरात की जवळजवळ ओरडूनच बोलावं लागत होतं. इरानं विचारलं, "आजी, खरं सांग. तुला कसं माहीत?"

आता हे लिहिताना विक्रम पलीकडच्या खोलीत आहे. त्याला मी जन्मभर सांगत आले की मी शाळेतून पळाले म्हणून अडाणी राहिले, तू पळू नकोस. त्या धाकानं तो शिकला. पण मी पळाले नव्हते. तिसरीनंतर आईनं मला मागाच्या कारखान्यात नेलं, कांड्या भरायला. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. आठ वर्षांची होते. कायद्यानं लहान पोरं चालत नव्हती, म्हणून तपासणीचा साहेब आला की आम्हाला लपवायचे. पलीकडच्या मागावरून खूण यायची, कपाळ, डोळा, तळवा. मग आई मला कांड्यांच्या पेटाऱ्यात घालायची आणि झाकण लावायची. हे मी आईसाठी लपवलं. लोक म्हणाले असते, पोटच्या पोरीला पेटाऱ्यात कोंडणारी बाई. ती तशी नव्हती.

एकदा साहेबानं झाकण उचललं. चष्म्याचा माणूस, मिशीला पिंजलेला कापूस चिकटलेला. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं, मी त्याच्या. मोजले नाहीत, पण बरेच श्वास गेले. मग त्यानं झाकण अगदी हळू, आवाज न करता, परत ठेवलं. बाहेर म्हणाला, "इथं काही नाही."

हे सगळं बाकावर सांगून झालं तेव्हा इरा रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, हा माझा पुरावा आहे. पण मी सांगितलं तर बाबांना कळेल. तू नको म्हणालीस तर मी नाही सांगणार. प्रॉमिस."

परतीच्या साडेचार तासांत मी दशम्यांचा डबा उघडला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल. लंडन आलं तेव्हा म्हटलं, "सांग. पण आधी तुझ्या बाबाला मी सांगते."

विक्रमला स्वयंपाकघरात सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. तो जवळ आला. माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या त्यानं लाटल्या. आफ्रिकेचे नकाशे सगळे, पण लाटल्या.

इराचं भाषण पाच मिनिटांचं होतं, सोळा मिनिटं चाललं. गिरणीच्या आजोबांनी फिल्म पाठवून दिली होती. बाईंनी तिला इतिहास दिला. आता माझ्या सुटकेसमध्ये ग्लासगोचा मफलर आहे, दशम्यांची रेसिपी मागणाऱ्या बाईंचा नंबर आहे, आणि कुणी विचारलं तर सांगते, या दोन गावांना जरूर जा, मे महिना चांगला, छत्री मात्र घ्या.

पण भाषणाच्या संध्याकाळी इरा माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, तुझ्या आजीला काय हवं होतं? साहेबानं तिला बाहेर काढावं, की झाकण लावावं?

साठ-बासष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणणार होते, झाकणच, दुसरं काय, माझ्या कांड्यांवर घरात ज्वारी यायची. तोंड उघडलं आणि आठवलं ते भलतंच. साहेब गेल्यावर आईनं पेटारा उघडला तेव्हाचा तिचा चेहरा. मी दात काढून हसत होते, सापडले नाही म्हणून. आणि आई पेटाऱ्यात वाकून माझ्याकडे बघत होती, जिथं काही नसायला हवं होतं तिथं काहीतरी दिसावं तशी. एवढी वर्षं मी समजत होते, ती घाबरली होती.

"काय गं आजी?" इरानं विचारलं.

"काही नाही. साहेब काही नाही म्हणाला, म्हणून तुझ्या पणजीला वाटलं होतं, मी पेटाऱ्यातून निसटून गेले असेन," मी म्हटलं. "तिनं मला सुटलेली बघायला झाकण उघडलं होतं."