चतुराबाईचा जबाब

धावड्याच्या चतुराबाईनं चाळीस वर्षं सुईणपण केलं. रक्त, वार, मेलेलं मूल, सगळं तिनं उघड्या हातानं उचललं आणि कधी नाक मुरडलं नाही. स्वतःची सात बाळंतपणंही तिनं तशीच काढली. जगली दोनच मुलं, नंदाबाई आणि रखमाजी.

साठी उलटल्यावर तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येऊ लागलं. आधी खोकताना, मग चालताना. लघवी थांबेना. जुन्या लुगड्याची फडकी बांधून तिनं दोन वर्षं लपवलं. सुनेला, कौसल्याला, वासावरून कळलं. तिनं आधी सासूचं ताट वेगळं केलं, मग बाज. १९९९च्या उन्हाळ्यात बाज गोठ्यात गेली. रखमाजी बैल सोडायला आला की उपरण्याचं टोक नाकाला लावायचा. सुरुवातीला चतुराबाईला स्वतःची लाज वाटली. पुढं त्या उपरण्याचीच शिसारी येऊ लागली.

त्याच सुमारास गावात सर्वेक्षणवाली आली. घनसावंगीची सत्यशीला, एका संस्थेत तात्पुरती लागलेली. साठीपुढच्या माणसांची तब्येत कशी आहे आणि तिच्यापायी त्यांचं जगणं कसं चाललंय, हे विचारून छापील कागदावर खुणा करायच्या. अट एकच होती. उत्तर त्या माणसाच्याच तोंडून घ्यायचं.

रखमाजीनं ओसरीवर सतरंजी टाकली आणि स्वतःच सांगायला बसला.

"आईची तब्येत बिलकुल फस्कलास हाय. लिव्हा."

"दादा, मला त्यांच्याशीच बोलावं लागतं."

"तिला काय समजतंय? मी सांगून राह्यलो न्हवं? खाती-पिती, नातवंडांत रमती."

कुडाच्या भिंतीपलीकडं चतुराबाई ऐकत होती. चार महिने तिनं नातवंडांना हात लावला नव्हता. जवळ आली की कौसल्या त्यांना दंडाला धरून ओढून न्यायची. म्हातारी उठली आणि भिंत धरत ओसरीवर आली. कौसल्यानं तोंडाला पदर लावला.

"बाई, ह्यो खोटं बोलून राह्यला. मला इचार. पर इथं न्हाई. मला जिथं ठिवलंय, तिथं ये."

गोठ्यात शिरताच सत्यशीलाला वासाचा भपकारा आला. ओल्या फडक्यांवर माश्या बसल्या होत्या, उशाशी उष्ट्या भाकरीचं ताट तसंच पडलं होतं. ती बाजेच्या कडेला बसली.

"तब्येतीपायी लोकांत मिसळायला अडचण येते का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

"मपल्या तब्येतीपायी न्हाई, बाई. ह्यांच्या नाकापायी."

मग तिनं सगळं सांगितलं. कागदावर गुडघे होते, डोळे होते, झोप होती. हे दुखणं कुठंच नव्हतं. सत्यशीलानं मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.

"याला इलाज आहे, आजी. जालन्याला सरकारी दवाखान्यात पिशवी काढतात."

"म्हातारीची बी?"

"हो."

बाया हे दुखणं सरणावर घेऊन जातात, आजवर एवढंच चतुराबाईला ठाऊक होतं.

सत्यशीलानं शहागडला सासरी असलेल्या नंदाबाईकडं निरोप धाडला. नंदाबाई येऊन आईला जालन्याला घेऊन गेली. रखमाजी गेला नाही. "बायांच्या भानगडीत मी कशाला?" म्हणाला.

इकडं संस्थेच्या कचेरीत पर्यवेक्षक बद्रीनाथ यानं चतुराबाईचा कागद बदलला होता. रखमाजीला परत विचारून त्याचीच उत्तरं नव्या कागदावर उतरवली होती. तब्येत, उत्तम. मिसळण्यात अडचण, कधीच नाही.

"मागची बाजू संगणकात जात नाही, मॅडम," तो पान चघळत सत्यशीलाला म्हणाला. "अन् घरचा माणूस सांगतो ते बराबरच असतं."

गोठ्यातला वास सत्यशीलानं सोसला होता. ह्या टेबलापाशी तिला बसवेना. तिनं ओळखपत्र तिथंच ठेवलं आणि घनसावंगीची बस धरली.

ऑपरेशन नीट झालं. बाराव्या दिवशी रखमाजी जीप घेऊन दवाखान्यात हजर झाला.

"चल आई. कौसल्यानं बाज माजघरात टाकलीय."

"आता वास येत न्हाई म्हणून?"

तो तिचं गाठोडं उचलायला वाकला. चतुराबाई नंदाबाईचा हात धरून शहागडच्या बसमध्ये चढली.

तिथं ती आणखी सहा वर्षं जगली. पाण्यावर, बाजारात ती बायांना सरळ विचारायची, "अंग बाहेर येतं का गं?" लाजणाऱ्या अकरा जणींना तिनं जालन्याला पोचवलं. दिवाळीला रखमाजी लुगडं घेऊन यायचा. ती ते ठेवून घ्यायची, त्याला जेवू घालायची. पण तो जेवत असला की तिला तिथं थांबवत नसे. त्याच्या खांद्यावरच्या उपरण्याकडं नजर गेली की शिसारी यायची, आणि ती उठून अंगणात जायची.