गिरणी चालू आहे का?

आत्या माणसं निवडायच्या त्या चुकीच्या फोनवरून. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांची कंपनी होती; औषधांच्या दुकानांना बिलं करायचं सॉफ्टवेअर आम्ही विकत असू. मुलाखती गुरुवारी असत, कारण त्या दिवशी वीज नसे आणि कॉम्प्युटर बंद. उमेदवाराला बाहेर फोनजवळ बसवायचं आणि बाकीच्यांनी कागदांत डोकं खुपसायचं. मग फोन वाजे. पलीकडून आत्यांची धाकटी बहीण कुसुमताई कसबा पेठेतून विचारी, "गिरणी चालू आहे का हो?" त्यावर उमेदवार काय बोलतो, ती मुलाखत. नंतर आतल्या खोलीत व्हायचा तो नुसता चहा.

"राँग नंबर!" म्हणून फोन आपटणारे पुष्कळ. त्यांत सुवर्णपदकवालेही होते. आत्या त्यांनाही चहा पाजून निरोप देत. "ज्याला दळणवाली बाई सोसत नाही, त्याला आपला केमिस्ट काय सोसणार?" मी पुस्तिका लिहिण्याच्या जागेसाठी गेलो होतो. मी कुसुमताईंना सांगितलं, "ही गिरणी नव्हे. पण आज गुरुवार आहे, वीज येईपर्यंत कुठलीच गिरणी चालू नसेल." त्यांनी बहिणीला निकाल कळवला तो असा : "शहाणपणा करतो, पण फोन आपटत नाही. घे."

ही कसोटी शास्त्रशुद्ध होती असं मी म्हणणार नाही. तिच्यातून दोन अस्सल आळशीही आत आले. ते फोनवर फार गोड बोलत आणि दुसरं काही करत नसत.

कंपनीतला पहिला नोकर आत्यांचा भाचा, म्हणून त्या सगळ्यांच्याच आत्या झाल्या. एकदा बँकेचा माणूस येऊन त्यांनाच विचारू लागला, "साहेब कुठायत?" आत्या म्हणाल्या, "मीच. मिशा फुटल्या की कळवते."

परवीनची मुलाखत मात्र संपेचना. तिने कुसुमताईंना विचारलं, "दळण कशाचं आहे, मावशी? बाजरी असेल तर आमच्या कसब्यात या." दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात असं निघालं, आणि फोन पाऊण तास अडकला. दुसऱ्या दिवशी कुसुमताई खरोखरच तिने सांगितलेल्या गिरणीत डबा घेऊन गेल्या. परवीन आमच्या ग्राहकांचे फोन घेऊ लागली. एक गिऱ्हाईक तिला म्हणालं, "तुमचं मराठी छान आहे हो!" ती म्हणाली, "तुमचंही बरं आहे." बार्शीचा एक केमिस्ट रोज तिच्यावर खेकसायचा, आणि ती रजेवर असली की दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार नसायचा.

पुढे आत्यांना डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांनी कंपनी हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीला विकली. अट एकच : माणूस काढायचा नाही. ही अट त्या लोकांनी पाळली, असं तेच सांगतात. काढलं कुणालाच नाही. फक्त सगळ्यांना आपापल्या खुर्चीसाठी नव्याने अर्ज करायला लावले, आणि मग काहींची 'निवड झाली नाही'. इतक्या स्वच्छ हातांनी केलेला विश्वासघात मी दुसरा पाहिलेला नाही.

निवड समितीत सल्लागार म्हणून आत्यांना बसवलं होतं. हारतुऱ्यासारखं. नोंदी घ्यायला मी होतो. माझं इंग्रजी त्यांना चाललं होतं. मुख्य आसनावर टाय लावलेला एचआरचा साहेब होता. तो माणसांना 'रिसोर्स' म्हणे. आत्यांनी एकदा विचारलंच, "कोळसा आहेत का हो ते?"

परवीन आली. साहेबाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"कसब्यातच," परवीन म्हणाली. साहेबाने लिहिलं : महत्त्वाकांक्षेचा अभाव.

ती बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "कम्युनिकेशन कमी पडतं."

"कुणाशी?" आत्या.

"क्लायंटशी, मॅडम. इंग्रजीत."

"आमचा क्लायंट बार्शीला बसतो. तो इंग्रजीत फक्त औषधांची नावं घेतो, आणि तीही चुकीची."

साहेब हसला. लहान मुलाला हसावं तसा. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. कानाला लावून तो ओरडला, "कसली गिरणी? राँग नंबर! कुठून येतात ही माणसं!" आणि त्याने फोन बंद केला.

आत्या उठल्या. "नापास," म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर पडल्या. जिन्यात मी विचारलं, "कुसुमताई होत्या का?" त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू?"

निवडीच्या कागदावर आत्यांची सही नव्हती. कुणाचंही अडलं नाही. परवीन घरी गेली. तिच्या जागी एक ध्वनिफीत आली : 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यानंतर सतार. माणसाला टांगून ठेवायचं आणि वर सतार ऐकवायची, ही आमची प्रगती.

दोन वर्षांनी आत्या गेल्या. त्या कंपनीच्या स्वागतकक्षात त्यांचा फोटो लागला. खाली सोनेरी इंग्रजीत लिहिलंय, 'माणसं हीच आमची संपत्ती.' मी तो एकदाच पाहिला. पुन्हा पाहण्याइतकी सहनशक्ती माझ्यात नाही.

आत्या गेल्या त्याच आठवड्यात कुसुमताईंना भेटून परतताना मी परवीनकडे डोकावलो. तीही तिथूनच नुकती आली होती, डोळे लाल. बोलणं सुरू होतंय तोच तिच्या घरचा फोन वाजला. सतारीला कंटाळून बार्शीच्या केमिस्टने तिचा नंबर कुठून तरी मिळवला होता, आणि आता तो नंबर गावोगावच्या केमिस्टांत फिरत होता. तिला यातला एक पैसाही मिळत नव्हता. माझा संताप अनावर झाला. "ठेवून दे," मी म्हणालो. "सांग, राँग नंबर."

तिने हाताने मला गप्प केलं.

"नाही काका, कंपनी नाही ही. गिरणी आहे," ती फोनमध्ये म्हणाली. मग नाक पुसून, "पण लागलाच आहे तर सांगा, बिल कुठं अडकलंय?"