तीन नावांचं झाड

प्रकाशदादाच्या तेरवीला, बाहेर पंगत बसलेली असताना, मी त्याच्या टेबलाचा खण ओढला आणि तो अख्खा निघून माझ्या पायावर पडला. आवाजाने वहिनी धावत आल्या. "काय शोधून राहिले भाऊजी?" मी म्हटलं, "चष्मा." चष्मा माझ्या नाकावर होता.

शोधत होतो एक कागद. दादा माझ्याहून मोठा, गोंदियाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. दोन दिवाळ्यांमागे दवनीवाड्याला घरी आला आणि सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून म्हणाला, "भावंडांची नावं सांग, कॉम्प्युटर नावं कशी रचून ठेवते ते पोरांना शिकवायला झाड काढतो." मी शाळामास्तर, पहिलं नाव अर्थातच स्वतःचं सांगितलं. मग त्याचं, मग थोरल्या हरीशदादाचं. नियम सोपा होता : वयाने लहान तो डावीकडे, मोठा तो उजवीकडे. त्यामुळे शेंड्यावर मी, उजवीकडे खाली तो, त्याच्याही उजवीकडे खाली हरीशदादा. दादाने मान हलवली, दुसरा कागद घेतला आणि स्वतःला वर काढलं. डावीकडे खाली मी, उजवीकडे हरीशदादा.

"मले खाली काऊन टाकलं?"

"एकाच बाजूला भार झाला ना बे! झाड नाही, रांग झाली ते. नाव शोधाले शेवटापर्यंत चालत जावं लागते. म्हणून हे झाड आपला तोल आपणच सांभाळते, फिरते. मधला वर येते. कोणी गळलं काय? तू लहान, डावीकडंच आहेस."

"आणि मधला नेमका तूच?"

"ते आईबाबाले विचारायचं होतं..." तो हसला.

मी हसलो नाही. बोडीखालची बांधी, म्हणजे छोट्या तळ्याखालचं, हमखास पाणी मिळणारं आमचं एकमेव धानाचं शेत, अजून बाबांच्याच नावावर होती. वारसांची नावं लागायची होती, आणि हा माणूस पेनाच्या एका फटक्यात मला खाली उतरवतो! आठवड्यात मी तलाठ्याकडे सगळ्या वारसांची यादी जोडून हरकतीचा अर्ज दिला. तलाठी म्हणाला, "गुरुजी, फेरफार कोणी मागितलाच नाही, तर हरकत कशावर?" मी म्हटलं, "मागेल त्यावर."

दादाला ते कळलंच. तरी यायचा, धानाची चौकशी करायचा, चहा घेऊन निघायचा... कागद मात्र माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. त्याच्या गप्प बसण्यातही मला डावच दिसला. आणि एका सकाळी कॉलेजला निघताना बूट घालता घालता तो कोसळला.

वहिनींनी खण उचलायला हात लावला, तेव्हा प्रश्नपत्रिकांखालून ते झाड निघालं. पण आता त्यात सहा नावं होती. आमच्या तिघी बहिणी त्याने एकेक करून बसवल्या होत्या. एक त्याच्या-माझ्या मधली, दोघी माझ्या पाठच्या. सगळ्यात धाकटी बसताच भार पुन्हा एका बाजूला झाला होता, झाड पुन्हा फिरलं होतं, आणि शेंड्यावर मी होतो. दादा माझ्या खाली, उजवीकडे.

घरी येऊन बायकोसमोर कागद धरला. म्हटलं, "पाहा, जाता जाता मला वर बसवून गेला. यातही काही तरी असेल... आता विचारायला माणूस नाही."

तिने झाड वरून खालपर्यंत पाहिलं.

"तिघी बहिणी आल्या म्हणून तुम्ही वर गेले. तुमच्या यादीत त्या होत्या काय? उद्या तलाठ्याकडे जा, न त्यांची नावं लिहून या."