बिनमिठाची वर्षं

आमच्या ह्यांना रक्तदाब निघाला तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. हे रस्त्यांच्या सरकारी खात्यात ओव्हरसियर. डांबराची कामं उन्हाळ्यातच निघायची. सगळं नागपूर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपारभर घरात पडून राहायचं, तेव्हा आमचा माणूस वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या पुढे, उकळत्या डांबराशेजारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभा असायचा. बुटीबोरीला तेव्हा कारखाने नव्हते आणि उभं राहायला धड एक झाडही नव्हतं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "रोज एक गोळी घ्या, मीठ कमी करा."

"कमी म्हणजे किती?" मी विचारलं.

"कमी म्हणजे कमी."

बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती, एक पोर सारखं खोकत होतं, त्यांना तरी माझ्याशी बोलत बसायला कुठली फुरसत. डॉक्टर वाईट नव्हते. पण घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांत बाहेर काढलं की तो दुसरं दार शोधतो, आणि ह्यांना ते फार लांब शोधावं लागलं नाही.

मास्तर आमच्याच भागात राहायचे. गणिताचे शिक्षक, निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, सायकलवर फिरणारे, आवाज मात्र भरदार. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये ते आहारावर बोलायचे. फी नाही, औषध विकणं नाही, पुस्तक विकणं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ह्यांना समोर बसवून तासभर विचारपूस केली. लहानपणी काय खायचे, झोप कशी लागते, राग आला की पोटात काय होतं. हे घरी आले ते वेगळेच दिसत होते. "पहिल्यांदा कोणीतरी माह्यं पुरं ऐकून घेतलं वं," म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि पहिलं वर्षभर मास्तरांचं सगळं बरोबरच निघत गेलं. डब्यातलं वनस्पती तूप बंद करा, म्हणाले. ते तेव्हा चांगल्या-चांगल्या घरांत मोठ्या ऐटीनं वापरत. पांढराशुभ्र तांदूळ सोडा, ज्वारीची भाकरी खा, पालेभाज्या वाढवा, दिवसातून पाच वेळचा चहा दोन वेळांवर आणा. ह्यांची कित्येक वर्षांची छातीतली जळजळ गेली. माझ्या स्वतःच्या पोटाची तक्रार गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी डॉक्टरच त्या वनस्पती तुपाला नावं ठेवायला लागले. म्हणजे मास्तर त्या बाबतीत डॉक्टरांच्या पुढे होते. माणूस चार गोष्टी खऱ्या सांगतो आणि मग पाचवी तपासून घ्यायचं आपल्याला सुचत नाही. ह्यांना तर नाहीच सुचलं.

पाचवी गोष्ट मिठाची होती. मीठ हे अन्नच नाही, मास्तर म्हणाले. ते एक खनिज आहे, आणि शरीरात साठून विष होतं. "डॉक्टर अर्धं सत्य सांगतात. कमी करा म्हणतात. अहो, विष कमी कसं करायचं असतं? बंदच करायचं असतं." हॉलमधली माणसं माना डोलवत होती. मीही डोलावली असेल, कारण बोलणं ऐकायला चोख होतं. मग ते म्हणाले, "जंगलातलं एक तरी जनावर मीठ खातं काय?"

इथे मला राहवलं नाही. मी शेतकऱ्याघरची. आमच्या गोठ्यात बैलांच्या सरकीच्या ढेपेत बाबा मूठभर मीठ टाकायचे, आणि गव्हाणीत मिठाचा दगड ठेवलेला असायचा, तो चाटून चाटून मधे खोलगट झालेला. मी उभी राहून तसं सांगितलं. मास्तर हसले. चिडले नाहीत, ते कधीच चिडत नसत. म्हणाले, "ताई, माणसानं आपली व्यसनं गरीब जनावरालेही लावली." हॉल हसला. हेही हसले. मी खाली बसले आणि माझे कान गरम झाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन वरणं शिजायला लागली. एक ह्यांचं अळणी, एक माझं आणि मुलीचं. भाजीच्या दोन कढया, भाकरीची दोन पिठं. माझ्या नाकी नऊ आले, पण तक्रार ती नव्हती. मला उन्हाळ्याची भीती होती. मी मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेला, शास्त्र मला काय कळतं. पण आमच्याकडे उन्हात राबणाऱ्या गड्याला आई कैरीचं पन्हं द्यायची ते मीठ टाकूनच, आणि नाही दिलं तर संध्याकाळी गड्याच्या पोटऱ्या धरायच्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते खेड्यातले समज आहेत."

तरीही मी ठामपणे काही बोलू शकत नव्हते, कारण माझा विश्वास तसा कशावरच पूर्ण बसत नव्हता. माझी आई भंडाऱ्याकडची, लाखोरीची डाळ खाऊन वाढलेली. मग सरकारनं त्या डाळीच्या विक्रीला बंदी घातली, पाय लुळे पडतात म्हणून. आई शेवटपर्यंत दणदण चालली. पण शेजारच्या गावात काठ्या टेकत चालणारी माणसं होती, तीही मी लहानपणी पाहिलेली. आता आईचे पाय खरे मानायचे की त्यांच्या काठ्या? दोन्ही खरं होतं. कोण किती खातं, कशाबरोबर खातं, यावर ते असावं. हे असं सगळं डोक्यात घेऊन नवऱ्याशी भांडता येत नाही. भांडायला एक बाजू धरावी लागते.

मग मी ठरवलं, मास्तर लबाड आहेत का ते पाहावं. लबाड निघाले तर प्रश्नच मिटला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमित्त करून त्यांच्या घरी गेले आणि मास्तरीणबाईंना मदत करायच्या नावाखाली थेट स्वयंपाकघरात शिरले. फळ्यांवरचे डबे पाहिले, मिसळणाचा डबा उघडून पाहिला, लोणच्याची बरणी कुठे दिसते का ते पाहिलं. काही नव्हतं. त्या घरात मिठाचा कण नव्हता. मास्तर जे सांगत तेच खात होते, तेच बाईही खात होत्या. मला तिथेच थकल्यासारखं झालं. लबाड माणसाला पकडता येतं. हा माणूस खरा होता, त्याला काय करणार?

निघताना मी बाईंना सहज विचारलं, "आणि घरात कोणी आजारी पडलं तर हो?"

बाई तीळगुळाची ताटली झाकत होत्या. सावकाश म्हणाल्या, "आमच्याइथं कोणी बिमार पडलं का मंग त्याचीच काहीतरी चुकी निघते." त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, तसं त्या सांगत होत्या.

हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हटलं, ज्या शास्त्रात शास्त्राचं कधी चुकतच नाही, ते मला काही ठीक दिसत नाही. हे म्हणाले, "काहून त्या माणसाच्या मागं लागून राहिली वं तू? त्यानं तुह्यं काय बिघडवलं?"

एप्रिल लागला तशा ह्यांच्या पोटऱ्या आखडायला लागल्या. डोकं दुखायचं, जेवणावर वासना नसायची, चिडचिड व्हायची. एकदा मुलीचं नाव घ्यायच्या जागी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. मी मास्तरांकडे जाऊन विचारा म्हटलं, तर विचारून आले. "साचलेलं विष निघून राहिलं, निघताना त्रास होतेच," असं मास्तर म्हणाले होते. गोळी तेवढी मी रोज सकाळी हातावर ठेवायची आणि ते घ्यायचे, मला वाईट वाटू नये म्हणून.

मग मी साइटवर न्यायच्या ताकात मीठ टाकायला लागले. जिऱ्याच्या पुडीखाली लपेल एवढंच, त्याहून जास्त टाकायची छाती नव्हती. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका संध्याकाळी रिकामी बाटली माझ्या हातात देत हे म्हणाले, "ताक मोठं बरं लागून राहिलं आजकाल." मी आत जाऊन डोळे पुसले.

पण तेवढ्या मिठानं काय होतं. मे महिन्यात एका दुपारी डांबराच्या ट्रकमध्ये घालून मजुरांनी ह्यांना सरकारी दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा ते डोळे उघडून पाहत होते, पण मला ओळखत नव्हते. हातपाय ताठ होत होते, पुन्हा सैल पडत होते. मुलीला शेजारणीकडे टाकून मी त्या लोखंडी खाटेशी बसले. मला त्या वेळी मास्तरांचा राग आला नाही, कोणाचाच आला नाही. हा माणूस राहावा, एवढंच होतं.

बाटली लावलेली होती. तरुण डॉक्टर होता, त्याला विचारलं, "बाटलीत काय आहे?"

"मिठाचं पाणी," तो म्हणाला. "घामावाटे मीठ गेलं, वरून हे नुसतं पाणी पीत राहिले. बाई, नागपूरच्या मे महिन्यात बिनमिठाचं कोण ठेवतं माणसाला?"

म्हणजे मीच ठेवलं होतं, असा त्याचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी हे शुद्धीवर आले आणि तिसऱ्या प्रहरी मास्तर आले. त्या उन्हात सायकलवर, घामानं चिंब. ह्यांचा हात हातात घेऊन बसले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. बाटलीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग हळूच विचारलं, "नियम कुठं मोडला काय?"

"नाही," हे म्हणाले. "एक कणही नाही खाल्ला." आवाज अगदी खोल गेला होता. मी पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. मरणाची नसावी, ती येऊन गेली होती. मास्तरांचं चुकलं असेल तर आता धरायचं काय, असली ती भीती होती. मला वाटलं, हीच वेळ आहे. आत्ता खरं सांगितलं की त्यांना कळेल, की थोडंसं मीठ पोटात जात होतं म्हणून तर इतके दिवस निभावलं.

मी म्हटलं, "ताकात मी मीठ टाकत होते. महिना झाला."

मास्तरांनी डोळे मिटले आणि मान हलवली, गणितातली चूक सापडल्यावर हलवतात तशी. "शरीर शुद्ध होऊन राहिलं होतं ताई," ते म्हणाले. "त्यात तुम्ही विष टाकलं. एकदम पुरं मीठ असतं तर पचलं असतं, पण शुद्ध शरीराले थोडंसंही सोसत नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला. मास्तर बरोबर होते, शास्त्र बरोबर होतं, चूक सापडली होती. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वरून थेंब थेंब मिठाचं पाणी त्यांच्या अंगात जात होतं.

घरी आल्यावर भांडण झालं नाही. ह्यांनी एक रॉकेलचा स्टोव्ह आणला आणि बाहेरच्या खोलीत मांडला. एक पातेलं, एक तवा, एक परात. स्वतःचं स्वतः करायला लागले. मी समजावलं, रडले, मुलीची शपथ घातली. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. "तुले त्रास काहून?" एवढंच म्हणायचे. मी कणीक भिजवून ठेवली तर ती तशीच राहायची.

दवाखान्यानं चिठ्ठी दिली तशी खात्यानं त्यांना सीताबर्डीजवळच्या कचेरीत टेबलावर बसवलं, पंख्याखाली. पुन्हा ते उन्हात उभे राहिले नाहीत. गोळी स्वतःच्या हातानं घेत राहिले. रक्तदाब आटोक्यात राहिला, पोटऱ्या पुन्हा कधी धरल्या नाहीत, तब्येत सुधारली. मास्तर हॉलमध्ये त्यांना उभं करून दाखवायचे, की हा माणूस मरणाच्या दारातून परत आला आणि आज बिनमिठाचं खाऊन कसा ठणठणीत आहे पाहा. गोळीचं आणि पंख्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही. माझं ऐकायला तिथे कोण बसलं होतं? एकदा तर शेजारची सून मला विचारायला आली, मास्तरांचं सुरू करावं काय म्हणून. तिला म्हटलं, उन्हात काम असेल तर नको करू. ती म्हणाली, "पण काका तर चांगले आहेत." मी म्हटलं, हो, चांगले आहेत.

मुलीचं लग्न ठरलं तोवर त्या स्टोव्हच्या वाती किती वेळा बदलल्या असतील देव जाणे. मास्तर तेव्हा हयात नव्हते. लग्नात शेवटच्या पंगतीला हे बसले, व्याह्यांच्या शेजारी. पुढ्यात पान मांडलेलं, पानावर घरून आणलेल्या डब्यातली भाकरी आणि पालेभाजी. व्याही बिचारे संकोचले होते. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, आणि तिला काय हवं होतं ते मला न बोलता कळत होतं. मी वाढप्याकडून जिलबीचं ताट घेतलं आणि स्वतः वाढायला निघाले. ह्यांच्या पानाशी आले, वाकले, एक जिलबी उचलली.

"ह्याच्यात मीठ नसते," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता, अगदी सौम्य चेहरा होता.

"असं तू म्हणून राहिली," ते म्हणाले, आणि पानावर हात आडवा धरला.

व्याही पाहत होते. मी ती जिलबी व्याह्यांच्याच पानात वाढली आणि पुढे सरकले.