वडिलांच्या रोलरची नंबरप्लेट

माझ्या घरात देवांपेक्षा नंबरप्लेटा जास्त, असं बायको आल्यागेल्याला सांगते. खोटं नाही. जेसीबी, डंपर, ग्रेडर, रोलर, भंगारात निघालेल्या मशिनींच्या चाळीसेक प्लेटा मी पुढच्या खोलीच्या भिंतीवर ठोकल्यात. मी स्वतः जळगावात जेसीबी चालवतो. लोक जुनी नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, त्यांना कोणी भंगारवाला म्हणत नाही. मला म्हणतात. म्हणोत बापडे.

पण जीव होता एकाच प्लेटीत. वडिलांच्या रोलरच्या. अमळनेर-धुळे रस्त्यावर त्यांनी उमर घातली. ठेकेदार कधी पेंटर बोलवायचा नाही, म्हणून तिच्यावरचा नंबर त्यांनीच ब्रशने काढलेला; त्यातला चारचा आकडा पार उताणा पडलेला. रोलर भंगारात गेला तेव्हा धुळ्याला तीन खेपा घालून मी ती प्लेट मिळवली.

वडील आता सगळं विसरलेत. मला ओळखत नाहीत. परका समजून 'भाऊ' म्हणतात. संध्याकाळ झाली की पिशवी काखेत मारून घरी जायला निघायचे. मग मी त्यांना भिंतीपाशी न्यायचो. त्या चारावर बोट ठेवून ते म्हणायचे, "हाई मनी शे." ही माझी आहे. आणि निमूट जेवायला बसायचे. दुसरा कुठलाच उपाय चालत नव्हता, डॉक्टरच्या गोळ्यासुद्धा नाहीत.

आमच्या धंद्यात दसऱ्याला मशीन धुवायची, नंबर नव्याने रंगवून घ्यायचा, मग झेंडूची माळ. यंदा मला अवदसा आठवली. म्हटलं, भिंतीवरच्यांनाही सणाचा रंग लागू दे. सगळ्या प्लेटा पोत्यात भरल्या आणि पेंटरकडे टाकल्या. ती एक बाजूला काढायचं सुचलंच नाही हो! दर दसऱ्याला मशिनीचा नंबर रंगवायला टाकायची सवय, हात चालत गेला. पेंटरने इमानदारीत सगळ्या घासल्या, पिवळा मारला आणि छापाने सरळसोट आकडे काढून दिले. त्याला काय बोलणार? थोबाडीत द्यायची तर माझ्याच.

दसऱ्याच्या संध्याकाळी वडील भिंतीपाशी गेले. एकेका प्लेटीवरून बोट फिरवत राहिले. मी त्यांचा हात धरून तीच प्लेट दाखवली, नंबर मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला. त्यांनी हात सोडवून घेतला. पिशवी छातीशी धरली आणि मला हात जोडून म्हणाले, "भाऊ, माले घर जाऊ दे."