कप्तान मेला की नाही
भडंगाला लसणाची फोडणी बसली की मला कोल्हापुरातली ती संध्याकाळ आठवते. अंतराळातल्या लढायांच्या एका इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग नुकताच लागला होता. आम्ही कॉलेजातले चौघे मित्र तो पाहून थिएटरबाहेरच्या गाड्यावर भडंग खात वाद घालत होतो. शेवटी कप्तानाचं यान एका जळत्या ताऱ्याआड दिसेनासं होतं, मग तो मेला की नाही? तिघांचं मत पडलं, मेला. चौथा ऐकेना. "मेलेला दावला न्हाई न्हवं? मग जित्ता हाय," तो म्हणाला. "आरं, जित्ता आसता तर परत आला नसता व्हय?" आमच्यातला एक बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली. त्या चौथ्याचा थोरला भाऊ बांगलादेशच्या लढाईत बेपत्ता झाला होता. घरी नुसती तार आली होती, देह आलाच नाही. तो खाली बघत म्हणाला, "उद्या आबांनी दादाचं कार्य ठेवलंय. गवताचा पुतळा करून जाळायचा म्हनं. तुमी या." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. त्याच्या वडलांना अग्नी देववेना, तेव्हा शेवटी तो आमच्या मित्रानंच दिला. तो पुतळ्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, आलास तर माझ्यावर रागावू नगंस." वाळलेलं गवत बघता बघता जळून गेलं. आता आम्ही सगळे म्हातारे झालो. दादा आला नाही.