आधी भिंत दाखवा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर फोटोंना फ्रेम करून देणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना फ्रेमवाले म्हणतात, मीही. गिऱ्हाइकाने फोटो काउंटरवर ठेवला की यांचा पहिला प्रश्न, "लावणार कुठे? आधी भिंत दाखवा." लोक वैतागतात. मीसुद्धा वैतागले होते.

तरुणपणी त्यांनी बहिणीच्या लग्नाचा रंगीत फोटो मोठ्या हौसेने तिच्या खिडकीसमोर टांगला. दहा वर्षांत उन्हाने नवरा-नवरीचे चेहरे धुऊन काढल्यासारखे झाले. बहीण एका शब्दाने बोलली नाही, तेच त्यांना जास्त लागलं. तेव्हापासून भिंत पाहिल्याशिवाय हा माणूस खिळा ठोकत नाही.

यंदा माझ्या सासूबाईंनी धाकट्या मुलाचा फोटो फ्रेम करायला काढला. माझा हा दीर सव्विसाव्या वर्षी गेला. त्याचा रंगीत फोटो एवढा एकच. सासूबाई नव्वदीच्या, नजर अधू; त्यांना तो खिडकीसमोरच हवा होता. फ्रेमवाले वर आले आणि अख्खी दुपार घड्याळ बघत बसले.

"आजी, इथे तीन ते साडेपाच थेट ऊन येतं. ऊन अडवणारी काच घातली तरी रंग उडणार, उशिरा उडतील एवढंच. पॅसेजमध्ये लावू."

"त्या अंधारात मला भिंत दिसत नाही, मुलगा कुठून दिसणार?"

"मग इथे कॉपी लावू. मूळ फोटो कपाटात."

"मला झेरॉक्स मुलगा नकोय!"

मला हसू आलं, फ्रेमवाल्यांना नाही. आठवड्याने त्यांनी फ्रेम आणून खिडकीसमोर लावली. सासूबाई खूष. जिन्यात मला हळूच म्हणाले, "ताई, ती कॉपी आहे. खरा फोटो माझ्याकडे सुखरूप आहे." मी गप्प बसले. चूक माझीही.

सासूबाई रोज सकाळी त्या फोटोशी गप्पा मारायच्या. तिसऱ्या आठवड्यात फ्रेमवाले काच पुसायला आले, त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आजी, हा खरा नाही हो."

सासूबाईंनी एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अठरा दिवस मी कोणाशी बोलत होते रे?"

फ्रेमवाले मान खाली घालून निघून गेले. आता कसले येतात, असं मला वाटलं. तासाभरात मूळ फोटो, हातोडी आणि एक छोटा दिवा घेऊन हजर! पॅसेजच्या भिंतीवर फोटो त्यांनी इतका खाली लावला की मी ओरडलेच, "अहो, हे काय? वाकून बघायचं का?"

त्यांनी सासूबाईंची खुर्ची उचलून आणली, त्या भिंतीपाशी ठेवली आणि हात धरून त्यांना बसवलं. मुलाचा चेहरा बरोबर त्यांच्या चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर. दिव्याचं बटण हाताशी.

"बोलायचं असेल तेव्हाच लावा. उठताना बंद करायचा."

इतके दिवस आम्ही फोटोच्या जागेवरून भांडलो. खुर्ची हलवायचं एकालाही सुचलं नाही.

सासूबाईंनी दिवा लावला. खूप वेळ पाहत राहिल्या. मग बाही धरून फ्रेमवाल्यांना खाली वाकवलं आणि फोटोला म्हणाल्या, "हा बघ, हाच तो. तुझ्या जागी भलत्यालाच बसवून गेला होता."